गावच्या विहारात भंतेंचा वर्षावास कसा सांभाळावा

कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या बौद्धवस्तीत आज पक्के विहार उभे आहे, पण तिथे भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, कायम मुक्कामाला आहेत असे क्वचितच आढळते. नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन हे विधी बहुधा बौद्धाचार्य पार पाडतात, पौर्णिमेला सामूहिक वंदना होते, आणि भंते येतात ते बुद्धजयंतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, तासा-दोन तासांच्या धम्मदेसनेपुरते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी धम्म स्वीकारला, परंतु भिक्खूला तीन महिने गावात ठेवून घेण्याची रीत आपल्या घरांत अजून मुरलेली नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूने एकाच ठिकाणी राहण्याचा काळ, आपल्या विहारात व्हावा असे ज्या कमिटीला मनापासून वाटते, तिच्यासाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, भिक्खूला मागता येत नाही. नात्यातील माणसे आणि ज्यांनी आधी शब्द दिला आहे असे उपासक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, सोडले, तर इतर कोणापुढे "मला हे हवे आहे" असे म्हणण्याची मुभा विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या नियमांनी, त्याला दिलेली नाही. आजारपणात थोडी सवलत आहे, पण संकोची भंते तीही वापरत नाहीत. हे मी अनुभवाने शिकलो. करवीर तालुक्यातील आमच्या विहारात पहिला वर्षावास झाला, तेव्हा मी कमिटीचा सचिव होतो. तिसऱ्या आठवड्यात भंते ताटातली भाकरी बाजूला ठेवून नुसता आमटी-भात घेऊ लागले, आणि आम्ही त्यांच्या मिताहाराचे कौतुक करत राहिलो. शेवटी वस्तीतील एका वयस्कर उपासिकेने ताकाचा पेला हाती देताना त्यांचा सुजलेला गाल पाहिला. दाढ आठ दिवसांपासून ठणकत होती. "सांगितलं का नाही भंते?" असे तिने विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कुणी विचारलं नव्हतं." त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

या अडचणीवर विनयातच उपाय आहे आणि त्याला पवारणा म्हणतात. वर्षावासाच्या पहिल्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर कमिटीच्या वतीने एकाने उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात भंतेंना विनंती करावी की, चीवर (भिक्खूचे वस्त्र), भोजन, निवास आणि औषध या चार प्रत्ययांपैकी, म्हणजे गरजांपैकी, जे काही लागेल ते त्यांनी अमक्या उपासकाला निःसंकोच सांगावे. यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणाला सांगायचे, किती दिवसांपर्यंत सांगता येईल, आणि कोणत्या वस्तूंसाठी हा शब्द दिला आहे. "काही लागलं तर सांगा हं भंते" असे दारातून जाता जाता म्हटले, तर त्यावर विसंबून कोणताही काटेकोर भिक्खू तोंड उघडणार नाही. शिवाय नेमलेल्या उपासकाने दर दोन-तीन दिवसांनी स्वतः जाऊन विचारावे, आणि तेही मोघम न विचारता झोप लागते का, पोट ठीक आहे का, पांघरूण पुरते का, असे एकेक करून विचारावे.

निमंत्रणाची वेळ

वैशाख पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे दोन महिने आधी, निमंत्रणासाठी जावे. चार-पाच उपासक-उपासिकांनी मिळून भंतेंच्या विहारात प्रत्यक्ष जाऊन विनंती करावी. फोनवर ठरवू नये. त्याच भेटीत त्यांचे उपाध्याय (दीक्षागुरू) कोण, उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) कोठे झाली, मागील वर्षावास कोणत्या विहारात झाला, हे आदराने विचारून घ्यावे आणि त्या विहाराशीही बोलून घ्यावे. अशी चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे काहींना वाटते, मला तसे वाटत नाही. कोसंबीचे भिक्खू आपसात भांडू लागले आणि खुद्द बुद्धांचेही ऐकेनात, तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, आणि त्यानंतरच ते ताळ्यावर आले, अशी विनयपिटकातील कथा आहे. संघ नीट राहावा, ही जबाबदारी उपासकांचीही आहे.

भंतेंना प्रवासासाठी पैसे न देता तिकीट काढून द्यावे किंवा एका उपासकाने त्यांना घेऊन यावे. एकदा त्यांनी विहारात वर्षावासाचे अधिष्ठान, म्हणजे संकल्प, केले की, तीन महिने त्यांना मुक्काम हलवता येत नाही. खास कारणासाठी सात दिवसांची सवलत आहे, पण ती हौसेसाठी नव्हे. आपल्याकडे होते असे की, भंते आल्याची बातमी पसरताच पंचक्रोशीतून वास्तुशांतीऐवजी परित्राणपाठ (रक्षणासाठी सुत्तांचे पठण), पुण्यानुमोदन, जयंती अशी निमंत्रणे येऊ लागतात. ती कमिटीने आपल्याकडे घ्यावीत, आणि रात्री भंते विहारात परततील एवढ्याच अंतरावरची स्वीकारावीत.

राहण्याची सोय

आषाढ-श्रावणातला कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीच विहाराचे छत, पन्हळी आणि खिडक्या पाहून घ्याव्यात. सभागृहाच्या कोपऱ्यात गादी टाकून भंतेंना झोपवू नये. त्यांना आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली, जवळ स्वच्छतागृह आणि न्हाणी हवी. जमिनीला ओल येत असेल तर लाकडी फळी किंवा साधी खाट द्यावी. मच्छरदाणी, बॅटरी, पाण्याचे भांडे, खराटा एवढे पुरते. टीव्ही आणि सोफा यांवर खर्च करण्याची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. भंतेंकडे चीवरे मोजकीच असतात, आणि आपल्याकडे धुतलेले कापड त्या दिवसांत दोन-दोन दिवस वाळत नाही. खोलीत किंवा व्हरांड्यात छताखाली लांब दोरी बांधावी आणि वर्षावासाच्या आधीच अंघोळीसाठी वेगळे वस्त्र, म्हणजे वर्षासाटिका, दान द्यावी. हे दान मुळात बुद्धांची उपासिका विशाखा हिचे आहे. पावसात भिक्खू उघड्याने अंघोळ करतात हे तिला दासीकडून कळले, तेव्हा तिने बुद्धांकडे आठ वर मागितले: पावसाळ्यात अंघोळीचे वस्त्र, बाहेरून आलेल्या भिक्खूला भोजन, प्रवासाला निघणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, औषध, रोजची पेज, आणि भिक्खुणींसाठी स्नानवस्त्र. ही आठ नावे कमिटीच्या बैठकीत एकेक करून वाचावीत आणि प्रत्येकासमोर आपल्याकडे काय सोय आहे ते लिहावे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे जेवण ही गोष्ट विशाखेला सुचली, आपल्याला सुचली नसती.

शिरोळ, हातकणंगले आणि करवीरमधील नदीकाठच्या गावांनी पुराचाही विचार करावा. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सोसले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे चढू लागले की भंतेंना कोठे न्यायचे, ते घर किंवा विहार आधीच ठरवून ठेवावे. पुरामुळे किंवा आगीमुळे निवास सोडावा लागला तर वर्षावास मोडल्याचा दोष लागत नाही, असे विनयात सांगितले आहे. ही गोष्ट वस्तीतील लोकांनाही सांगावी, म्हणजे भंतेंनी विहार सोडला म्हणून कोणी नावे ठेवणार नाही.

भोजनदान

भोजनाचे वार लावावेत. वस्तीत चाळीस घरे असतील तर प्रत्येक घराच्या वाट्याला तीन महिन्यांत दोन किंवा तीन दिवस येतात, आणि तेवढे कोणालाही जड नाही. अडचण असते ती वेळेची. भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, आणि आपली माणसे सकाळी सातला शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेली असतात, बाया भांगलणीला गेलेल्या असतात. म्हणून वार लावताना घराचा क्रम न धरता पाळी धरावी: ज्याची रात्रपाळी त्याला आठवड्याच्या मधले दिवस, सुट्टी ज्या वारी त्याला तो वार, आणि ज्या घरी म्हातारी माणसे असतात त्यांना अडीअडचणीचे दिवस. वाराची यादी फळ्यावर लिहावी, आणि आदल्या संध्याकाळी एकाने त्या घरी जाऊन आठवण करावी. एखादे घर इतके अडचणीत असेल की स्वयंपाक परवडत नाही, तर त्यांच्याकडून फक्त वाटीभर आमटी किंवा दोन केळी घ्यावीत, पण त्यांचे नाव यादीतून वगळू नये.

मध्यान्ह कधी, हा प्रश्न दरवर्षी निघतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या आसपास. आषाढात त्याहून थोडा उशिरा, आश्विनात थोडा लवकर. काही भंते सूर्याचा मध्यान्ह धरतात, बरेच जण घड्याळातले बारा धरतात. पहिल्याच दिवशी त्यांना विचारून घ्यावे. कसेही असले तरी ताट साडेदहा-पावणेअकराला समोर यावे, म्हणजे धावपळ होत नाही.

भोजन देण्याचीही पद्धत आहे. ताट किंवा पातेले दोन्ही हातांनी, भंतेंच्या हाताच्या अंतरावर जाऊन, किंचित वाकून त्यांच्या हाती द्यावे. एका माणसाला उचलेल एवढेच त्याचे वजन असावे. त्यांनी ते स्वीकारल्यावर आपण पुन्हा हात लावू नये. आमच्याकडे एका लहान मुलाने भंतेंसमोरची भाजीची वाटी चांगल्या मनाने सरळ करून ठेवली, आणि भंतेंनी ती वाटी तशीच राहू दिली. मुलाची आजी पुढे झाली, तिने वाटी उचलून पुन्हा त्यांच्या हाती दिली आणि मग त्यांनी घास घेतला. मुलाला कोणी रागावले नाही, त्यालाच पुढच्या दिवशी वाटी द्यायला लावले. बियांची फळे, उदाहरणार्थ पेरू, सीताफळ, टोमॅटो, सुरीने चिरून मगच द्यावीत, कारण उगवू शकणारे बी असलेले फळ उपासकाने कापून दिल्याशिवाय भिक्खू खात नाहीत.

आता मटणाविषयी लिहिले पाहिजे, कारण कोल्हापूरचा पाहुणचार तांबड्या-पांढऱ्या रस्स्याशिवाय होत नाही, असे आपण मानतो. जो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, त्याचे मांस भिक्खूला चालत नाही. म्हणजे भंते येणार म्हणून कोंबडी कापणे, हे नेमके निषिद्ध ठरते, मग त्यामागे प्रेम कितीही असो. त्यांच्यासाठी साधे शाकाहारी जेवण करावे: भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दही. कांदा-लसूण चटणी बेताची घालावी. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वयस्कर भंतेंना आपला तिखटपणा सोसत नाही आणि ते तसे सांगणारही नाहीत.

दुपारनंतर अन्न नसले तरी औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध आणि उसाचा गूळ-काकवी ही पाच भेसज्जे चालतात, आणि एकदा स्वीकारल्यावर ती सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येतात. आपल्या घरी गुळाची ढेप असतेच. संध्याकाळी थकवा आलेल्या भिक्खूला गुळाचे पाणी देणे हे कोल्हापूरच्या उपासकाला सहज जमणारे आणि विनयाला धरून असलेले दान आहे. आठव्या दिवशी उरलेला गूळ बदलून नवा द्यावा. दुधाचा चहा संध्याकाळी घेणार का, हे भंतेंनाच विचारावे, कारण यात प्रत्येक परंपरेची रीत वेगळी आहे.

उपासिका एकटी भोजन घेऊन येणार असेल तर तिने दाराशी थांबावे किंवा घरातील मुलाला, सासऱ्याला सोबत आणावे. बंद खोलीत भिक्खूसोबत एकटीने बसू नये. हा नियम तिच्यावर संशय घेणारा नाही; तो भिक्खूच्या शीलासाठी आहे आणि भंते स्वतः तो पाळतील.

पैसा कोणी धरायचा

पाकिटात शंभर-दोनशे घालून भंतेंच्या हाती देण्याची सवय आपल्याला लागली आहे. विनयानुसार भिक्खू सोने-रुपे, म्हणजे पैसा, स्वीकारत नाहीत. दान द्यायचे असेल तर ते कप्पियकारकाकडे द्यावे, म्हणजे ज्या उपासकाने भंतेंच्या गरजांसाठी निधी सांभाळायचे मान्य केले आहे त्याच्याकडे, आणि भंतेंना एवढेच सांगावे की, तुमच्या औषधासाठी अमक्याकडे व्यवस्था केली आहे. कप्पियकारक कमिटीचा अध्यक्ष नसावा, असे माझे मत आहे. हिशेब ठेवणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा माणूस वेगळा असला की कुजबुज होत नाही.

दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरण्यापेक्षा कायम निधी करावा. याचा नमुना आपल्याच महाराष्ट्रात कोरून ठेवला आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे ठरवले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा: वर्षाचे व्याज २४० आणि २० गुणिले १२ म्हणजे तेवढेच. मुद्दल बँकेत मुदत ठेवीत, व्याज वर्षावासाला, हे काम आपल्या वस्तीला अवघड नाही.

त्यासाठी विहाराची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार झालेली असावी, खाते संस्थेच्या नावाने आणि दोन सह्यांचे असावे, वार्षिक हिशेब तपासून घ्यावेत, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. ग्रामपंचायतीच्या मिळकत उताऱ्यावर आणि वीजमीटरवर विहाराचे नाव आहे का, तेही पाहावे. अनेक ठिकाणी ती नोंद ज्याने जागा दिली त्याच्या वडिलांच्या नावावर राहिलेली असते आणि दुसऱ्या पिढीत वाद उभा राहतो.

दानाची पावती जरूर द्यावी. दात्याचे नाव कोरण्यातही गैर काही नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या परिसरातील एका स्तूपात स्फटिकाची मंजूषा सापडली, तिच्यासोबतच्या लेखात ब्राह्मी अक्षरांत दान करणाऱ्याचे आणि ते घडवून घेणाऱ्याचे नाव आहे. मात्र पंख्याच्या पात्यावर नाव हवे म्हणून चार पंख्यांच्या खोलीत सहावा पंखा आणि छत मात्र गळके, असे होऊ नये. काय लागते ते कमिटीने फळ्यावर लिहावे आणि दात्याने त्यातून निवडावे.

भंतेंकडून काय घ्यावे

सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी उपासकांना पाच गोष्टी सांगितल्या आहेत: श्रमणांशी मैत्रीपूर्ण कृती, मैत्रीपूर्ण वाणी, मैत्रीपूर्ण मन, त्यांच्यासाठी उघडे दार, आणि गरजेच्या वस्तूंची पूर्तता. त्याच सुत्तात श्रमणांनी काय करावे तेही सांगितले आहे: पापापासून परावृत्त करावे, कल्याणात लावावे, करुणेने वागावे, न ऐकलेले ऐकवावे, ऐकलेले स्पष्ट करावे आणि सुगतीचा मार्ग दाखवावा. देणे दोन्ही बाजूंनी आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजाचा सेवक व्हावा, हा प्रश्न मांडला आणि धम्माची आशा सेवकावर ठेवली. म्हणून संध्याकाळी साडेसातला, माणसे कामावरून परतल्यावर, त्या ग्रंथाचे रोज दोन पाने वाचन आणि त्यावर भंतेंचे विवरण ठेवावे. रविवारी मुलांचा वर्ग घ्यावा. प्रश्न विचारण्याची मुभा असावी. अष्टमी, अमावास्या आणि पौर्णिमेला ज्यांना जमेल त्यांनी पांढरी वस्त्रे घालून अष्टशील (एका दिवसासाठी आठ शीले) घ्यावे. एवढा वेळ वगळता भंतेंना एकांत मिळू द्यावा; सकाळपासून रात्रीपर्यंत खोलीत माणसे बसून राहिली तर त्यांचे ध्यान आणि अध्ययन होत नाही.

आश्विन पौर्णिमेनंतर

वर्षावास संपल्यावर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या एका महिन्यात, कोणत्याही एका दिवशी, कठिन चीवरदान, म्हणजे वर्षावास पुरा केलेल्या संघाला द्यायचे खास चीवरदान, करता येते, आणि ते एका विहारात वर्षातून एकदाच होते. त्यासाठी किमान पाच भिक्खूंचा संघ लागतो, म्हणून आपल्या गावी एकच भंते असतील तर भाद्रपदातच इतर विहारांतील भंतेंशी बोलून तारीख धरावी. संघ जमला नाही तर साधे चीवरदान करावे, त्यालाही कमीपणा नाही. चीवर घेण्याआधी रंग आणि माप विचारावे; बाजारात मिळणारे गुळगुळीत पॉलिस्टरचे कापड उन्हात अंगाला चिकटते, सुती घ्यावे. आणि दान "संघाला देतो" असे म्हणून द्यावे. बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमीने स्वतः कातून-विणून आणलेले वस्त्र बुद्धांना देऊ केले, तेव्हा ते संघाला द्यावे असे त्यांनी तिला सांगितले होते.

भंते निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खोलीतील वस्तूंची यादी करून त्या कोरड्या करून ठेवाव्यात. मग नोंदवही उघडावी आणि त्यांच्या समोर बसून कोणती अडचण आली, कोणते औषध लागले, कोणत्या भिंतीला ओल आली, कोणत्या महिन्यात वार चुकले, हे विचारून लिहून घ्यावे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर दंतवैद्याचा नंबर आहे, आणि त्याखाली पवारणेचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत, कारण दर दोन वर्षांनी कमिटी बदलते आणि नव्या सचिवाला ते पाठ नसतात.